कर किमतीत आहे, किमतीवर नाही

औषधाची मात्रा गुंजभरही चुकू नये म्हणून आपण वैद्य मंडळी दक्ष असतो. शार्ङ्गधराने संहितेच्या आरंभीच मानपरिभाषा सांगितली, ती उगाच नव्हे. मात्र रुग्णाच्या हाती देयक ठेवताना हीच शिस्त कित्येकदा सुटते, हे आम्हांस खेदाने नमूद करावेसे वाटते.

महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला. १ जुलै २०१७ पासून औषधांच्या बाबतीत त्याची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. नाव बदलले, तत्त्व तेच राहिले: प्रत्येक टप्प्यावर मूल्यात जी भर पडते, तेवढ्यावरच कर. समजा, निर्मात्याने चूर्ण ६० रुपयांस विकले व ५ टक्क्यांनी ३ रुपये कर भरला. वितरकाने तेच ८० रुपयांस विकून ४ रुपये कर घेतला. आधीचे ३ वजा करून शासनास १ रुपया दिला. नोंदणीकृत विक्रेत्याने १०० रुपयांस विकून ५ रुपये घेतले, ४ वजा जाता १ भरला. एकूण कर ५ रुपयेच. तो सारा अखेर रुग्णाच्या खिशातून आला.

वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत हे ५ रुपये आधीच समाविष्ट असतात. १०५ रुपयांच्या डबीवर पुन्हा ५ टक्के, म्हणजे सव्वापाच रुपये आकारणे हे अज्ञानातून घडले, तरी रुग्णाकडून दोनदा कर घेणेच होय. किमतीतील कर काढण्याची रीत सोपी आहे. छापील किमतीला दराने गुणावे आणि शंभर अधिक दर या संख्येने भागावे. १०५ गुणिले ५, भागिले १०५, उत्तर ५.

दराचा बदलही नीट समजून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधांवरील १२ टक्क्यांचा दर ५ टक्के झाला. म्हणून ११२ रुपयांचे औषध १०५ रुपयांस मिळावयास हवे. दर ७ टक्क्यांनी उतरला, तरी छापील किमतीतील घट सव्वासहा टक्के भरते, कारण ११२ मध्ये कर धरलेला होता. आसव-अरिष्टे व रसौषधी दीर्घकाळ टिकतात. जुनी किंमत छापलेल्या कुप्या अद्याप आपल्या फडताळात असतील, तर वितरकाकडून सुधारित दरपत्रक मागवावे व त्याप्रमाणेच देयक करावे.

येथे काही वैद्यबंधू म्हणतील, ‘आमची नोंदणी नाही; खरेदीवर भरलेला कर आम्हांस परत मिळत नाही, मग तो सोसायचा कोणी?’ प्रश्न रास्त आहे. नोंदणी नसलेल्या वैद्याला तो कर खरेदीखर्चातच धरावा लागतो. परंतु देयकावर ‘कर’ असे लिहून वेगळी रक्कम घेण्याचा अधिकार त्याला कायद्याने नाही. छापील किमतीच्या मर्यादेत राहूनच आपला नफा ठरवणे, हाच सरळ मार्ग होय.

आणखी एक गल्लत आढळते. वैद्याचे तपासणी व चिकित्सेचे शुल्क करमुक्त आहे. बाह्यरुग्णास विकलेले औषध करपात्र आहे. दोन्ही रकमा एकाच आकड्यात मिसळू नयेत. नोंदणीची मर्यादा ठरवताना मात्र करमुक्त शुल्कही एकूण उलाढालीत मोजले जाते. तेव्हा औषधविक्री करणाऱ्यांनी वर्षातून एकदा करसल्लागारास हिशेब अवश्य दाखवावा.

रुग्ण आपल्याकडे येतो तो विश्वासाने. नाडीवर ठेवलेल्या बोटांइतकाच देयकावरील आकडाही त्या विश्वासाचा भाग आहे. म्हणून सर्व सभासदांना आमची विनंती आहे: औषध, शुल्क व छापील किंमत वेगवेगळी लिहावी, आणि छापील किमतीवर एक पैसाही कर चढवू नये.