शिडी अठ्ठावन्नपर्यंत

केशवराव भोसले नाट्यगृह जळालं ती ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. अख्खं कोल्हापूर हळहळलं. मग नाट्यगृह पुन्हा कसं बांधायचं, कुणी बांधायचं, यावर चर्चा झडल्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. त्या रात्री पाण्याचा पाइप खांद्यावर घेऊन धुरात उभे असलेल्या जवानांचं वय काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बोटीतून माणसं काढणाऱ्यांचंही कुणी विचारलं नव्हतं.

महाराष्ट्रात पोलीस शिपाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, अग्निशमन दलाचा जवानही अठ्ठावन्नाव्याच. तहसील कचेरीतला लिपिकसुद्धा त्याच वयात घरी जातो. भरतीच्या वेळी सरकार पोरांना मैदानावर पळवतं, छाती मोजतं. एकदा नोकरीत घेतलं की पुढची तीस-पस्तीस वर्षं नियमांच्या लेखी ते शरीर आणि लिपिकाची खुर्ची सारखीच.

कोल्हापूर जिल्ह्याला हे विचित्र वाटायला हवं, कारण इथल्या गावागावांत फौजी आहेत. लष्करातल्या शिपायाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन बसते. चाळिशीच्या आत माणूस पेन्शनवर गावी येतो, शेती बघतो, नाहीतर दुसरी नोकरी धरतो. (अग्निवीरांनी २०२२ पासून हे गणित मोडलं, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) म्हणजे रणगाड्यावरचं शरीर लवकर थकतं हे सरकारला मान्य आहे. शिडीवरचं आणि बंदोबस्तातलं थकतं, हे मान्य नाही.

आता पेन्शनचा वाद. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर जे राज्य सेवेत आले त्यांची जुनी, निम्म्या पगाराच्या हमीची पेन्शन गेली. अंशदानाची योजना आली आणि पुढे ती राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये मिसळली. कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा टक्के, सरकारचे आता चौदा टक्के, आणि शेवटी हातात काय पडेल ते बाजार ठरवणार. त्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये राज्यभर सात दिवस संप झाला. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा शाळेतल्या पोरांनाही पाठ झाली. त्या मोर्चांच्या बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसांतही २००५ नंतर भरती झालेले होतेच. मागणी त्यांचीही तीच, पण त्यांना ना संघटना, ना संप. १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्याच्या हक्कावर बंधनं घातली आहेत, आणि १९८२ साली मुंबईत पोलिसांनी बंड केलं तेव्हा सरकारने त्यांची संघटना मोडून काढली. दुसऱ्याच्या मोर्चाला दोर लावून उभं राहायचं आणि आतल्या आत त्याच घोषणा म्हणायच्या, एवढंच त्यांच्या हाती.

संपातून काही पदरात पडलं, हे कबूल केलं पाहिजे. एनपीएसमधला कर्मचारी सेवेत असताना गेला तर त्याच्या घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याचा मार्ग मार्च २०२३ अखेरच्या शासन निर्णयाने खुला झाला. आगीत किंवा दंगलीत जीव जाण्याची शक्यता ज्याच्या नोकरीतच आहे, त्याच्यासाठी ही तरतूद निम्म्या पगाराच्या हमीपेक्षा मोलाची. काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग आठवा. ९ मे २०१५. मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी त्या आगीने नेले.

पुढे २०२४ मध्ये निम्म्या पगाराची हमीही आली. ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली, राज्य मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी तिला होकार दिला. सगळे 'किती टक्के' हेच मोजत बसले. माझ्या मते गणवेशातल्या माणसासाठी खरा प्रश्न 'कधीपासून' हा आहे.

दोन शिपाई घ्या. पहिला २००४ साली लागला. वीस वर्षं झाल्यावर गुडघे बोलायला लागले, त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, पेन्शन लगेच सुरू. दुसरा २००६ साली बाविसाव्या वर्षी लागला. तो एनपीएसमधून मुदतीआधी बाहेर पडला तर साठलेल्या रकमेतले ऐंशी टक्के वार्षिकीत अडकतात, जेमतेम वीस टक्के हातात. केंद्राच्या एकीकृत योजनेच्या नियमांनी पाहिलं तर पंचवीस वर्षं भरल्यावर तो २०३१ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी जाऊ शकतो. पण पेन्शन सुरू होणार तो नियमाने निवृत्त झाला असता त्या तारखेपासून. अठ्ठावन्नाचं वय धरलं तर मधली अकरा वर्षं कोरडी. मुलांची कॉलेजं नेमकी त्याच अकरा वर्षांत असतात. मग तो घरी जातच नाही. दुखरे गुडघे घेऊन बंदोबस्त करतो, आणि त्याला जमत नाही ते शेजारचा पंचविशीतला पोरगा उचलतो.

अमेरिकेत केंद्र सरकारच्या पोलिसांना आणि अग्निशामकांना वीस वर्षं सेवेनंतर पन्नाशीत पेन्शन घेता येते, आणि बहुतेकांना सत्तावन्नाला थांबावंच लागतं. हे ऐकून लगेच टाळ्या वाजवू नयेत. त्याच देशात कॅलिफोर्नियातलं व्हॅलेहो शहर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेलं, आणि पोलीस-अग्निशमन दलाचे पगार-पेन्शनचे करार हे त्याचं एक मोठं कारण होतं. पन्नाशीत सरसकट सगळ्यांना पेन्शन द्या, असं म्हणणं सोपं आहे. त्याचा बोजा उद्याच्या कोल्हापूरकराच्या घरफाळ्यावर बसेल.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. वीस वर्षं प्रत्यक्ष मैदानात काढलेल्या पोलिसाला आणि अग्निशमन जवानाला, वैद्यकीय तपासणीनंतर, दोनपैकी एक निवडू द्या: घरी जाईल त्याच महिन्यापासून सेवेच्या प्रमाणात पेन्शन, किंवा पन्नाशीनंतर नियंत्रण कक्ष, प्रशिक्षण, इमारतींची अग्निसुरक्षा तपासणी असं काम. आगीच्या नियमांची तपासणी करायला माणसं नाहीत अशी ओरड प्रत्येक दुर्घटनेनंतर होतेच. वीस वर्षं धूर खाल्लेल्यापेक्षा चांगला तपासनीस कुठून आणणार?

यात अग्निशमन दलाचं दुखणं आणखी एका जागी आहे. पोलिसाची पेन्शन राज्याच्या तिजोरीतून येते, जवानाचा भार महापालिकेवर. घरफाळा, पाणीपट्टी वसूल करताना ज्या पालिकेची दमछाक होते, ती जवानाला लवकर घरी पाठवायला राजी होईल कशी? राज्याने या जवानांच्या पेन्शनचा वाटा उचलला तरच वरची निवड कागदावरून खाली उतरेल. आणि अनेक नगरपालिकांत बंबावर ठेक्याने घेतलेली पोरं उभी असतात. त्यांच्यासाठी यातली कुठलीच योजना नाही. त्यांना पेन्शनच्या वादात पडायलाही आधी नोकरीत कायम व्हावं लागेल.