उजेड कुणाच्या वाट्याला?

इंग्लंडमधील ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी 1841 मध्ये रेल्वे आली आणि लंडनकरांची रीघ लागली. 1845 मध्ये काचेवरचा, 1851 मध्ये खिडक्यांवरचा कर उठला. मग तीन बाजूंनी काचा असलेल्या, भिंतीबाहेर आलेल्या खिडक्या वाढल्या. आडव्या गल्लीतूनही बाजूच्या काचेतून समुद्र दिसला, तर खोलीला भाडे चांगले येई. बिडाच्या नक्षीचे सज्जे, गिलाव्यातली फुले, सारी शोभा दर्शनी बाजूला. मागची भिंत साधी. मोठ्या घरांतल्या मोलकरणींचा दिवस मात्र तळघरातल्या स्वयंपाकघरात सरे.

वाचकहो, आपणही दिवाणखान्याला झुंबर लावतो. आम्ही एवढेच विचारतो: दिवसभर राबणारी जिथे उभी असते, तिथे खिडकी आहे का?