कूपन की कमाई?

माझे आयटीवाले दोस्त हल्ली विचारतात, ‘युटिलिटी टोकन घेऊ का?’ माझा उलटा प्रश्न : वापरणार कुठे? बॉस, हा शेअर नव्हे, कँटीनचं कूपन आहे. मालकी नाही, फक्त सेवा किंवा सवलत. एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचं एफटीटी टोकन घ्या. त्यावर फीमध्ये सूट मिळायची. नोव्हेंबर २०२२मध्ये एक्स्चेंजच बुडालं आणि साधारण २२ डॉलरचं टोकन काही दिवसांत तीन डॉलरच्या खाली आलं. कँटीनलाच टाळं, मग कूपन कोण घेणार?

म्हणून आधी तीन गोष्टी बघा : टोकनशिवाय ती सेवा मिळते का, एकूण टोकन किती आणि त्यातली बहुतेक कुणाच्या हातात? शिवाय आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के टॅक्स. तोटा मात्र वजा होत नाही. ‘भाव वाढेल’ एवढंच उत्तर असेल, तर पाकीट खिशातच बरं!