सोयाबीनचा भाव ठरतो, तिथे आपण कुठे आहोत?

२८ मे २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खरिपाचे हमीभाव मंजूर केले. सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये जाहीर झाले. लातूर-नांदेडकडे तेव्हा पेरणीची तयारी चालू होती. दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, दिल्लीतून आणखी एक निर्णय आला. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. उपकर धरून एकूण शुल्क २७.५ वरून १६.५ टक्के झाले. हमीभावाची चर्चा पारावर झाली. आयात शुल्काची फारशी झाली नाही. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरच्या अतिवृष्टीने उभे पीक पाण्यात गेले आणि जे हाती लागले तेही बाजारात हमीभावाच्या खालीच विकावे लागले.

या दोन निर्णयांचा एकमेकांशी संबंध काय, हे आपल्या चळवळीतल्या किती जणांना सांगता येईल?

सोयाबीनमधून साधारण १८ टक्के तेल निघते. बाकी बहुतांश पेंड, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसी. त्यामुळे लातूरच्या अडतीवरचा भाव दोन दोऱ्यांनी बांधलेला असतो. एक दोरी तेलाची. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून येते, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. दुसरी दोरी पेंडीची. ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि निर्यातही होते. यातली कोणतीही दोरी कुठे सैल पडली की उदगीर, अहमदपूर, मुखेड, देगलूरच्या शेतकऱ्याच्या खिशात फरक पडतो.

२०२१ साली हे आपण डोळ्यांनी पाहिले. त्या उन्हाळ्यात सोयाबीन कधी नव्हे इतके चढले. पोल्ट्री उद्योगाने संघटितपणे केंद्राकडे धाव घेतली आणि ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी मिळाली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव कोसळले होते. तुरीचेही तसेच. २०१६ मध्ये मोझांबिकशी डाळ आयातीचा करार झाला. त्याच हंगामात इथे तुरीचे भरघोस पीक आले आणि भाव ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली गेला. खरेदी केंद्रांपुढच्या रांगा अजून लोकांच्या लक्षात आहेत.

आता आपल्या समाजाकडे वळू. मराठवाड्यातल्या बौद्ध वस्त्यांत जमीन थोडी. कुणाकडे दोन-चार एकर, कुणाकडे दादासाहेब गायकवाडांच्या भूमी सत्याग्रहापासून लढत आलेली गायरानाची पट्टी, तीही अनेकदा नावावर नसलेली. फार मोठा वर्ग मजुरीवर. म्हणजे एकाच निर्णयाच्या दोन्ही बाजूंना आपण आहोत. तेल स्वस्त झाले तर मजुराच्या चुलीला दिलासा. पण सोयाबीन पडले की छोट्या शेतकऱ्याचे कर्ज थकते, काढणीच्या उक्त्याचा दर खाली येतो आणि फटका पुन्हा मजुरालाच. म्हणून ‘शुल्क वाढवा’ किंवा ‘शुल्क कमी करा’ एवढी घोषणा आपल्याला पुरत नाही. कुणाचे किती जाते आणि कुणाकडे जाते, याचा हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब मांडायला बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी शिकवले आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधात त्यांनी रुपयाच्या घसरलेल्या दराची चिकित्सा केली. रुपया स्वस्त झाला की निर्यातीला लाभ होतो, देशाचे भले होते, असे तेव्हा सांगितले जात होते. बाबासाहेबांनी विचारले, हा लाभ येतो कुठून? त्यांचे उत्तर होते की तो देशातल्याच एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जातो. किमती वाढतात, मजुरी त्या वेगाने वाढत नाही आणि मजुराचे नुकसान हाच धंदेवाल्याचा नफा होतो. सोयाबीनच्या प्रत्येक अधिसूचनेला आज हाच प्रश्न विचारायला हवा.

पण तो विचारायला अधिसूचना वाचता यायला हवी. ती वाचणारे, तिचा अर्थ लावून उद्योगांना सल्ला देणारे लोक असतात. मुंबई-पुण्यात डेलॉइट, ईवाय, पीडब्ल्यूसी, केपीएमजी यांसारख्या बड्या सल्लागार कंपन्या आहेत. न्हावाशेवा बंदरावर कस्टम ब्रोकर आहेत. शिवाय चार्टर्ड अकाउंटंट, कर वकील, पुरवठा साखळीचे तज्ज्ञ. कोणता माल कोणत्या कोडमध्ये बसतो, कोणत्या करारात शुल्क माफ आहे, मालाचे मूळ कसे सिद्ध करायचे, हे त्यांचे रोजचे काम. एक उदाहरण पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने तेलावरचे शुल्क वाढवले. त्यानंतर नेपाळमधून शुद्ध सोयाबीन तेलाची आवक वाढली. नेपाळ काही सोयाबीनचा मोठा उत्पादक नाही. पण दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारात तिथून येणाऱ्या मालाला शुल्क नाही. शेतकऱ्यासाठी लावलेली भिंत कराराच्या दारातून ओलांडली गेली. ज्यांना कलमे वाचता येतात, त्यांना दार दिसते.

या खोल्यांत आपली मुले-मुली किती? खासगी कंपन्यांत आरक्षण नाही. सीए व्हायचे तर परीक्षेसोबत दोन वर्षांची आर्टिकलशिप हवी आणि चांगल्या फर्ममधली जागा बहुतेक वेळा ओळखीने मिळते. ज्याच्या घरात कुणी या धंद्यात नाही, त्याला दार कुठे आहे तेच कळत नाही. बाबासाहेबांनी स्वतः हे भोगले. बडोद्याची नोकरी सोडावी लागल्यावर त्यांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारांबाबत सल्ला देणारी फर्म काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले आणि फर्म बंद पडली. त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबियात शिकलेल्या माणसाची ही गत. आज जात तोंडावर विचारत नाहीत, ‘रेफरन्स कुणाचा?’ असे विचारतात.

दुसरी अडचण आपल्या घरातली आहे. ‘लातूर पॅटर्न’ने सगळ्यांच्या डोळ्यांपुढे नीट आणि जेईई ठेवली. नांदेडच्या अभ्यासिकांत एमपीएससीची पुस्तके. सरकारी जागा आटत चालल्या तरी वाट तीच. कॉमर्स घेणारा मुलगा ‘काहीच जमले नाही म्हणून तिकडे गेला’ असे आपणच म्हणतो. हे बदलायला हवे.

काय करता येईल? कस्टम ब्रोकरचा परवाना परीक्षेने मिळतो. पदवीसोबत कायदा, सीए, एमबीए अशी व्यावसायिक पात्रता असलेल्याला ती देता येते. आयात-निर्यातीचा आयईसी क्रमांक परकीय व्यापार महासंचालनालयाकडून ऑनलाइन काढता येतो, त्याचे शुल्क ५०० रुपये. बार्टीने स्पर्धा परीक्षांसोबत या परीक्षांचे आणि सीएचेही मार्गदर्शन द्यावे, अशी मागणी युवक संघटनांनी लावून धरावी. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात आणि त्याच्या लातूर उपकेंद्रात व्यापार नियमांचा अभ्यासक्रम मागावा. नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या सीए आणि वकील बांधवांनी दरवर्षी एका मुलाला किंवा मुलीला आपल्या हाताखाली घ्यावे. विहारात महिन्यातून एकदा बाजारभाव आणि अधिसूचना समोर ठेवून बसावे. खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाचा लढा सोडायचा नाही. तो चालू ठेवून हे करायचे.

व्यापार आपल्या परंपरेला परका नाही. भगवान बुद्धांचे पहिले उपासक तपस्सु आणि भल्लिक हे व्यापारीच होते. लातूरच्या शेजारचे तेर, प्राचीन तगर, इथून कापड भडोच बंदराकडे जात असे आणि तिथेच उत्खननात स्तूपही सापडला. आज त्याच भूमीतले सोयाबीन जगाच्या बाजारात मोजले जाते. पुढच्या वर्षी मे महिन्यात पुन्हा एखादी अधिसूचना निघेल. ती आली त्या दिवशीच वाचून गावाला समजावून सांगणारी चार पोरे-पोरी प्रत्येक तालुक्यात तयार झाली, तर मोर्चातल्या मागणीला आकड्यांचे बळ येईल.

जयभीम. नमो बुद्धाय.