उवांची लाज कसली?

दोस्तांनो, वर्गात कुणी कराकरा डोकं खाजवलं, की कुजबुज सुरू होते आणि शेजारची मैत्रीण बाकावर चार बोटं लांब सरकते. हो ना? पण ऊ काही घाणेरडं डोकं शोधत येत नाही. स्वच्छ धुतलेल्या केसांतही ती सुखानं नांदते. तिला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. डोक्याला डोकं लागलं, की ती चालत पलीकडे जाते. (एकाच गोष्टीच्या पुस्तकात तीन डोकी खुपसलीत, की तिची चैनच!) तेव्हा लपवू नका, आईला सांगा.

कानांमागे, मानेवर बघा. पांढरा ठिपका टिचकीनं उडाला तर कोंडा. केसाला घट्ट चिकटून बसला तर लीख.

आईबाबांनो, रॉकेल मुळीच नको. कातडी भाजते, पेटण्याची भीती वेगळीच. डॉक्टरांना विचारून पर्मेथ्रिन लावा, ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा. औषधानं सगळ्या लिखा मरत नाहीत, त्या 8-9 दिवसांत फुटतात; म्हणून 9व्या दिवशी औषध पुन्हा लावायचं. इथंच आपला कंटाळा नडतो! आणि घरातल्या सगळ्यांची डोकी पहिल्याच दिवशी तपासा. बाबांचं टक्कल तेवढं सोडा.