दोन उद्योग, एक वेबसाइट

यामाहा म्हटले की कोणाला मोटारसायकल आठवते, तर कोणाला की-बोर्ड. दोन्हींवर चिन्ह तीन नादकाट्यांचेच. जपानमध्ये १८८७ साली तोराकुसु यामाहा यांनी एक ऑर्गन दुरुस्त केला आणि त्यातून वाद्यांचा व्यवसाय उभा राहिला. मोटारसायकलींसाठी १९५५ मध्ये वेगळी कंपनी निघाली. भारतातही या दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइट वेगवेगळ्या आहेत. पियानो घेणारे आणि गाडीचा सुटा भाग शोधणारे गिऱ्हाईक एक नसते!

पण घरगुती उद्योगाचे काय? समजा, सासूबाई मसाले-लोणची विकतात आणि सूनबाई शिवणवर्ग चालवतात. दोन वेबसाइट म्हणजे दर वर्षी दोन नावांचे पैसे आणि भाव, छायाचित्रे बदलण्याचे दुप्पट काम. त्यातली एक मागे पडतेच आणि दोन वर्षांपूर्वीचे भाव पाहून गिऱ्हाईक परत फिरते. म्हणून सुरुवात एकाच वेबसाइटने करावी, मात्र तिला दारे दोन ठेवावीत.

पहिल्या पानावर घराण्याचा इतिहास नको. ‘मसाले व लोणची’ आणि ‘शिवणवर्ग’ अशा दोन ठळक पाट्या पुरेत. ‘विभाग १’ किंवा ‘आमच्या सेवा’ यांवरून कोणालाच काही कळत नाही. पाटीवर गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द हवा.

दोन्ही विभागांचे भाव, छायाचित्रे आणि फोन नंबर स्वतंत्र ठेवा. नाही तर लोणच्याची मागणी शिवणवर्गाच्या फोनवर येईल आणि तिथेच राहील. गूगलवर शोधणारी माणसे पुष्कळदा पहिले पान न पाहता थेट आतल्या पानावर उतरतात. त्यामुळे उद्योगाचे नाव, फोन आणि दुसऱ्या विभागाकडे जाण्याची वाट प्रत्येक पानावर हवी.

पुढे एखादा उद्योग वाढला, तर त्याची वेबसाइट खुशाल वेगळी करा. मात्र जुन्या पत्त्यावर येणारा आपोआप नव्या पत्त्यावर पोहोचेल, अशी सोय करून घ्यायला विसरू नका.

सगळे तयार झाले की शेजारच्या काकूंच्या हाती मोबाइल द्या आणि शिवणवर्गाची फी शोधायला सांगा. अर्ध्या मिनिटात सापडली नाही, तर मांडणी बदला. काकूंना समजावत बसू नका. गिऱ्हाइकाला समजवायला आपण तिथे नसतो.