कबरीपाशी रडू द्या

शवपेटीवर मूठमूठ माती पडते, आईचा हुंदका फुटतो, आणि मागून कुणीतरी समजावतं, "रडू नका, लेकरू प्रभूकडे गेलं. विश्वास ठेवा." सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण हा सल्ला ख्रिस्ती नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातला अकरावा अध्याय काढा. बेथानीत लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झालेत. आपण त्याला उठवणार हे येशूला ठाऊक आहे, तरी लाजराची बहीण मरिया हिला रडताना पाहून त्याचेही डोळे वाहतात. वेळेवर आला नाहीस, असं गाऱ्हाणं दुसरी बहीण मार्था हिने तोंडावर घातलं, तेव्हा त्याने तिला अविश्वासी ठरवलं नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांना आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं लिहिलं. आपण त्यातलं "शोक करू नका" तेवढं उचललं.

दुसरे म्हणतात, पुनरुत्थान ही दुःखी मनाने स्वतःची घातलेली समजूत. समजूतच हवी होती तर अमर आत्म्यावर भागलं असतं. देह उठेल हे मानणं कितीतरी अवघड! शिवाय पुनरुत्थानाच्या पहाटे स्त्रिया येशूच्या कबरीकडे निघाल्या त्या सुगंधी द्रव्यं घेऊन, प्रेताला लावायला. तो उठेल अशी आस असती तर ती कशाला घेतली असती? त्यांचं सांगणं शिष्यांना बरळणं वाटलं. त्यांच्यातला थोमा तर पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणून अडूनच बसला. एवढ्याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही, मान्य. पण इच्छेतून उपजलेल्या कथेत इच्छा करणारं कुणी तरी दिसायला हवं.

आणि थोमाला काय दिसलं? उठलेल्या देहावर खिळ्यांचे वण तसेच होते. माझी सारी आशा या वणांवर आहे. देवाने मरण पुसून टाकलं नाही, काही घडलंच नाही असं दाखवलं नाही. घाव झालेलाच देह त्याने उठवला. मग आईने आपला घाव का लपवावा?

असे घाव पंडिता रमाबाईंनीही सोसले: दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले, पुढे भाऊ, लग्नानंतर दोनेक वर्षांतच नवरा. जुलै १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली. केडगावला त्यांचं बायबलच्या भाषांतराचं काम तरीही थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या, तोवर ते चालूच होतं. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांना ते सगळं आणायचं होतं, मार्थेचं गाऱ्हाणंही.